सिएना : टेकडीवरच्या शहरात मुक्काम ठरवताना

इटलीच्या सहलीचा बेत आखायला बसले, की रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन नावे सर्वप्रथम कागदावर उतरतात. सिएनाचे नाव आलेच, तर ते फ्लॉरेन्सहून एका दिवसात उरकून येण्याचे ठिकाण म्हणून. सकाळी बसने जायचे, चौक आणि कॅथीड्रल पाहायचे, छायाचित्रे काढायची आणि संध्याकाळी परतायचे. अशा भेटीत सिएना दिसते ती भर दुपारची, उन्हाने तापलेली आणि गर्दीने भरलेली. हे शहर खरे उलगडते ते शेवटच्या बसगाड्या निघून गेल्यावर आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसगाड्या येण्यापूर्वी. म्हणून येथे निदान दोन रात्रींचा मुक्काम करावा. मात्र हा मुक्काम नीट विचार करून ठरवावा लागतो. टेकडीवरच्या शहरात हॉटेल निवडताना तारे आणि दर यांच्याआधी चढ-उताराचा हिशेब मांडावा लागतो. तो चुकला, तर आयुष्यभराच्या बचतीतून आई-वडिलांना घडवलेल्या सहलीतला एक अख्खा दिवस जिन्यांवर दम घेण्यात जातो.

तीन सोंडांवरचे शहर

सिएना समुद्रसपाटीपासून सुमारे ३२२ मीटर उंचीवर आहे. हा आकडा वाचून काही वाटत नाही. महाबळेश्वर त्याच्या चौपट उंच आहे. पण येथे प्रश्न उंचीचा नाही, रचनेचा आहे. शहर एका सपाट माथ्यावर नसून एकत्र येणाऱ्या तीन डोंगरसोंडांवर पसरलेले आहे. त्यानुसार त्याचे तीन भाग पडतात : चित्ता, सान मार्तिनो आणि कामोल्लिया. या तिन्ही सोंडा जिथे भेटतात, त्याच्या लगतच्या खोलगट उतारावर पियात्सा देल काम्पो हा शिंपल्याच्या आकाराचा प्रसिद्ध चौक आहे. सोंडांच्या मधल्या जागेत खोल दऱ्या शहराच्या तटबंदीच्या आतपर्यंत शिरलेल्या आहेत.

नकाशावर या दऱ्या दिसत नाहीत. सान दोमेनिकोच्या विटांच्या चर्चपाशी उभे राहिले, की समोरच काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे कॅथीड्रल हाताच्या अंतरावर भासते. मध्ये मात्र फोंतेब्रांदाची दरी आहे. सरळ जायचे म्हटले तर तीव्र उतार उतरून तितकाच चढ चढावा लागतो. त्यामुळे हॉटेलच्या जाहिरातीतील 'काम्पोपासून तीनशे मीटर' या शब्दांवर विसंबून राहू नये. ते तीनशे मीटर एकाच सोंडेवरचे असतील तर पाच मिनिटांची रपेट; दरीपलीकडचे असतील तर घाम काढणारी चढण.

यावर एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे रस्त्यांची नावे वाचणे. नावात 'कोस्ता' किंवा 'कोस्तारेल्ला' असेल, तर तो रस्ता उताराचा आहे, हे नक्की समजावे. 'फोंते' म्हणजे झरा किंवा कुंड. पाणी खालीच मिळते, तेव्हा असे नाव असलेला पत्ता बहुधा दरीकडचा असतो. 'पोज्जो' म्हणजे टेकाड, तर 'पियान' म्हणजे सपाट जागा. उलट व्हिया दि कामोल्लिया, व्हिया देई मोंतानिनी, बांकी दि सोप्रा आणि व्हिया दि चित्ता हे रस्ते सोंडांच्या माथ्यावरून जातात. त्यांवर चढ-उतार आहे, पण सौम्य. गुडघेदुखी असणारे, लहान मुलांसह येणारे किंवा जड बॅगा बाळगणारे यांनी शक्यतो या रस्त्यांवरचा किंवा त्यांना लागून असलेला पत्ता निवडावा.

वर पोहोचायचे कसे?

सिएनाचे रेल्वे स्थानक शहरात नाही. ते उत्तरेला, खाली दरीत आहे. फ्लॉरेन्सहून थेट गाडीने सुमारे दीड तास लागतो. काही वेळा एम्पोली येथे गाडी बदलावी लागते. रोमहून येताना किऊसी किंवा फ्लॉरेन्स येथे गाडी बदलतात. स्थानकासमोरच्या व्यापारी संकुलातून सरकत्या जिन्यांची एक लांबलचक मालिका वर चढते आणि प्रवाशाला कामोल्लिया वेशीच्या बाहेरच्या बाजूला आणून सोडते. तेथून माथ्यावरच्या रस्त्याने काम्पोपर्यंत साधारण वीस मिनिटांची चाल आहे. पाठीवर एकच पिशवी असेल, तर शहरात शिरण्याचा हा उत्तम मार्ग होय. दोन-दोन मोठ्या बॅगा असतील, तर मात्र स्थानकावरून टॅक्सी करावी. दगडी फरसबंदीवर बॅगांची चाके खडखडतात आणि पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीतच.

फ्लॉरेन्सहून येणाऱ्यांना बस अधिक सोयीची पडते. जलद बसला सुमारे सव्वा तास लागतो आणि शहरावरच असलेल्या पियात्सा ग्राम्शी परिसरापर्यंत ती जाते. त्यामुळे सर्वांत मोठी चढण बसच पार करते. या थांब्यापासून बांकी दि सोप्रा रस्ता चालत काही मिनिटांवर आहे. रोमच्या तिबुर्तिना स्थानकाजवळूनही सिएनासाठी थेट बस मिळते. तिला सुमारे तीन तास लागतात.

भाड्याची मोटार घेऊन तस्कनीत हिंडण्याचा बेत असेल, तर अधिक सावध राहावे. सिएनाने १९६० च्या दशकातच आपला जुना गाभा खासगी वाहनांसाठी बंद करण्यास सुरुवात केली. आज वेशींच्या आत मर्यादित वाहतुकीचा विभाग आहे. 'झेड-टी-एल' ही त्याची इटालियन आद्याक्षरे फलकांवर असतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक कॅमेरे टिपतात. परवानगीविना आत गेलेल्या गाडीच्या दंडाची सूचना कधीकधी कित्येक महिन्यांनी घरी येते आणि मोटार भाड्याने देणारी कंपनी आपले शुल्क वेगळे कापून घेते. आपले हॉटेल या विभागात असेल, तर सामान उतरवण्यासाठी आत येता येईल का, गाडीचा क्रमांक हॉटेल आधी कळवील का, हे लेखी विचारून घ्यावे. अन्यथा सांता कातेरिना किंवा सान फ्रांचेस्को येथील वाहनतळावर गाडी ठेवून सरकत्या जिन्यांनी वर यावे. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ असणे आवश्यक आहे.

वेशीच्या आत की बाहेर?

राहण्याच्या जागांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला, जुन्या वाड्यांमधील हॉटेले. जाड भिंती, उंच छत, क्वचित एखादे रंगवलेले तक्तपोश ही त्यांची शोभा. त्यांची अडचणही त्याच वयाची आहे. जतनाचे नियम कडक असल्याने अनेक इमारतींत लिफ्ट बसवता आलेली नाही आणि जिथे आहे तिथे ती पहिल्या मजल्यापासून सुरू होणारी किंवा दोन माणसांपुरतीही असू शकते. 'लिफ्ट आहे' एवढ्या उत्तरावर समाधान न मानता 'रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती?' असा नेमका प्रश्न विचारावा.

दुसरा प्रकार धार्मिक संस्थांनी चालवलेल्या निवासांचा. खोल्या साध्या, स्वच्छ आणि तुलनेने स्वस्त असतात. काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेनंतर दार बंद होते, ते आधी विचारून घ्यावे. तिसरा प्रकार भाड्याच्या सदनिकांचा. चार-पाच जणांच्या कुटुंबाला आणि घरचा वरण-भात हवा असणाऱ्यांना स्वयंपाकघर असलेली सदनिका सोयीची. मात्र तेथे स्वागतकक्ष नसतो, सामान ठेवून हिंडायला जाण्याची सोय नसते आणि किल्ली मिळवण्याची वेळ ठरवावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून इटलीतील प्रत्येक पर्यटक निवासाला राष्ट्रीय ओळख क्रमांक घेणे आणि तो जाहिरातीत दाखवणे बंधनकारक झाले आहे. ज्या जाहिरातीत हा क्रमांक नाही, तिच्यापासून दूर राहावे.

चौथा प्रकार वेशीबाहेरची हॉटेले आणि शेतावरची निवासे, ज्यांना 'आग्रितुरिस्मो' म्हणतात. स्वतःची मोटार असणाऱ्यांसाठी ही जागा रमणीय. द्राक्षमळे, सुरूची झाडे आणि दूरवर दिसणारा सिएनाचा मनोरा. पण मोटार नसेल तर प्रत्येक वेळी टॅक्सी किंवा बसची वाट पाहावी लागते आणि ज्या संध्याकाळसाठी मुक्काम केला, तीच हातची जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी म्हणूनच वेशीच्या आत राहावे, खोली थोडी लहान मिळाली तरी चालेल.

काम्पोवर खिडकी उघडणारी खोली सर्वांनाच हवीशी वाटते. दृश्य अप्रतिम असते, यात शंका नाही. परंतु उन्हाळ्यात चौक रात्री उशिरापर्यंत जागा असतो. झोप हलकी असणाऱ्यांनी मागल्या बाजूची, दरीकडे पाहणारी खोली मागावी. ती बहुधा स्वस्तही असते. येथे जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशी सहज ओलांडतो. तेव्हा वातानुकूलन आहे की नाही, हेही पाहावे. खोलीचे प्रकार सांगताना 'मात्रिमोनियाले' म्हणजे एक मोठा पलंग, तर 'दोप्पिया' म्हणजे सामान्यतः दोन स्वतंत्र पलंग. आजी-नातू एका खोलीत राहणार असतील, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पालिओचे दिवस

सिएनाच्या निवासव्यवस्थेचे वर्ष दोन तारखांभोवती फिरते : २ जुलै आणि १६ ऑगस्ट. या दिवशी काम्पोभोवती 'पालिओ' ही घोड्यांची शर्यत होते. शहर सतरा 'कोंत्रादां'मध्ये, म्हणजे पेठांमध्ये, विभागलेले आहे. प्रत्येक पेठेला तिचे चिन्ह, चर्च, संग्रहालय आणि कारंजे आहे. प्रत्येक शर्यतीत त्यांपैकी दहा पेठा उतरतात. चौकाला तीन फेऱ्या, खोगिराविना घोडेस्वार, आणि अवघ्या दीड मिनिटाच्या आत सारे संपते. त्याआधीचे तीन दिवस सराव-फेऱ्या, मिरवणुका आणि रस्त्यांवर मांडलेल्या पंगतींचे असतात. शर्यतीसाठी चौकाच्या कडेच्या दगडी मार्गावर मातीचा थर पसरला जातो आणि भोवती लाकडी बैठका उभ्या राहतात.

हा सोहळा पर्यटकांसाठी मांडलेला नाही. तो सिएनाकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. तो पाहायचा असेल, तर मुक्कामाचे आरक्षण बरेच महिने आधी, शक्य तर वर्षभर आधी करावे. या काळात दर चढतात आणि अनेक हॉटेले ठरावीक किमान रात्रींची अट घालतात. चौकाच्या मध्यभागी उभे राहून शर्यत फुकट पाहता येते. मात्र तेथे उन्हात तासन्तास उभे राहावे लागते आणि मध्येच बाहेर पडणे कठीण असते. वृद्ध आणि लहान मुलांना तेथे नेऊ नये. बैठका आणि सज्जे यांची तिकिटे महाग असतात. पालिओ पाहायचा नसेल, तर २९ जून ते २ जुलै आणि १३ ते १६ ऑगस्ट हे दिवस सरळ टाळावेत. वसंतापासूनच पेठांतील तरुणांचा ढोलांचा सराव कानी पडू लागतो. गणपतीआधीच्या पुण्यात राहिलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने मुक्कामाला सर्वोत्तम. कॅथीड्रलची दगडी चित्रांनी जडवलेली फरशी एरवी बरीचशी झाकलेली असते. उन्हाळ्यात आणि शरदाच्या आरंभी काही आठवडे ती पूर्ण उघडी ठेवतात. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात. त्या पाहून आरक्षण केल्यास एका दगडात दोन पक्षी साधतात.

आरक्षण, व्हिसा आणि खर्च

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहायचे, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुटीत भेटीची वेळ मिळणे कठीण जाते, म्हणून घाई बरी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि निवासाच्या आरक्षणाचा पुरावा जोडावा लागतो. त्यामुळे व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे. 'पैसे परत नाहीत' या अटीवर मिळणारी सवलत व्हिसा नाकारला गेला तर फारच महागात पडते.

दराची तुलना करताना चार रकमा एकत्र मोजाव्यात : खोलीचा दर, न्याहारी, वाहनतळाचे शुल्क आणि नगर प्रशासनाचा मुक्काम कर. हा कर माणशी, प्रत्येक रात्रीसाठी आकारतात. तो निवासाच्या प्रकारानुसार बदलतो आणि बहुधा संकेतस्थळावर दिसणाऱ्या किमतीत धरलेला नसतो. हॉटेलात पोहोचल्यावर लहान मुलांसह प्रत्येकाचे पारपत्र दाखवावे लागते. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणे हॉटेलांवर कायद्याने बंधनकारक आहे. त्यात वावगे काही नाही.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. 'पिची' नावाच्या जाड, हाताने वळलेल्या शेवया लसूण-टोमॅटोच्या रश्शासोबत मिळतात. शिळा पाव आणि भाज्यांची 'रिबोल्लिता' हे दाट सूप पोटभरीचे असते, पण त्यात मांसाचा अर्क नाही ना, हे विचारावे. तस्कनीचा पाव मिठाविना असतो. तो बिघडलेला नाही, तशीच तेथील रीत आहे. बदाम आणि सुक्या मेव्याचा 'पानफोर्ते' परतीच्या बॅगेत टाकण्याजोगा. घरून मात्र तूप, पेढे, बर्फी नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. खोलीत पाणी तापवण्याची किटली असेलच असे नाही. चहाबाज मंडळींनी ते आधीच विचारून घ्यावे.

मुक्कामाचे दोन दिवस

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून सामान ठेवावे आणि ऊन कलल्यावर काम्पोवर जावे. विटांच्या या उतरत्या चौकाचे नऊ भाग पाडलेले आहेत. १२८७ ते १३५५ या काळात शहर चालवणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची ती खूण आहे. लोक येथे जमिनीवरच बसतात, आपणही बसावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी येण्यापूर्वी, ८७ मीटर उंचीचा तोर्रे देल मांजा हा मनोरा ज्यांचे पाय साथ देतात त्यांनी चढावा. सुमारे चारशे पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. नंतर कॅथीड्रल पाहावे. त्याच्या शेजारी एक अवाढव्य, एकाकी भिंत उभी आहे. कॅथीड्रलचा प्रचंड विस्तार करण्याचा सिएनाचा मनसुबा होता. १३४८ च्या प्लेगने शहर उद्ध्वस्त केले आणि तो कायमचा अर्धवट राहिला. १५५५ मध्ये शहर फ्लॉरेन्सच्या पक्षासमोर शरण गेले. त्यानंतर ऐश्वर्य ओसरले, नवी बांधकामे थोडी झाली आणि मध्ययुगीन सिएना जशीच्या तशी उरली. १९९५ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

कॅथीड्रलसमोरची सांता मारिया देल्ला स्काला ही वास्तू चुकवू नये. युरोपातल्या सर्वांत जुन्या रुग्णालयांपैकी हे एक. कँटरबरीहून रोमकडे जाणारा 'व्हिया फ्रांचिजेना' हा यात्रामार्ग सिएनातून जातो. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलेल्या मुक्कामांच्या यादीतही सिएना आहे. थकल्या-भागल्या यात्रेकरूंना येथे अन्न, अंथरूण आणि औषध मिळे. टाकून दिलेली मुले येथे वाढवली जात. आज हे संग्रहालय आहे. त्याच्या 'पेल्लेग्रिनायो' या यात्रेकरूंच्या दालनात दोमेनिको दि बार्तोलो आणि इतरांनी १४४० च्या दशकात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत : जखमी माणसाचे पाय धुणारे सेवक, रुग्णांच्या खाटा, अन्नवाटप. पाहुण्याची सोय हे या शहराने केवढे मोठे काम मानले होते, हे त्या भिंती सांगतात.

तिसऱ्या दिवशी निघताना शक्य असेल तर कामोल्लिया वेशीतूनच बाहेर पडावे. या वेशीवर एक लॅटिन ओळ कोरलेली आहे. तिचा आशय असा, की सिएना तुझ्यासाठी या दरवाजाहूनही मोठे असे आपले हृदय उघडते. ज्याने शहरात रात्र काढली आहे, त्याला ती ओळ अतिशयोक्ती वाटत नाही.

आरक्षणापूर्वी हॉटेलला विचारावयाचे प्रश्न

• रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्ट कोणत्या मजल्यापासून सुरू होते?

• टॅक्सी दारापर्यंत येते का? येत नसेल, तर किती अंतर चालावे लागेल आणि ते चढाचे आहे का?

• मोटार आणल्यास प्रवेश-परवान्याची व्यवस्था कोण करील? वाहनतळ कोठे आहे?

• खोलीत एक मोठा पलंग आहे की दोन स्वतंत्र? वातानुकूलन आहे का?

• मुक्काम कर आणि न्याहारी धरून एकूण रक्कम किती?

• व्हिसा नाकारला गेल्यास कोणत्या तारखेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल?

• खोली रिकामी केल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येईल का?